सीलबंद डबीतला 1918 चा रुपया

नाणी ‘प्रमाणित’ आहेत एवढ्यावर विसंबून त्यांत पैसे गुंतवू पाहणाऱ्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे. मला विकलेली नाणी बनावट नव्हती, हे आधीच सांगतो. म्हणूनच फसवणूक लक्षात यायला वेळ लागला.

नागपुरात सीताबर्डीवरील एका विक्रेत्याने पंचम जॉर्जचे 1918 सालचे काही रुपये ‘दुर्मीळ, हमखास भाव वाढणारे’ म्हणून चांदीच्या कित्येक पट किमतीला दिले. प्रत्येक रुपया नाणी तपासून श्रेणी देणाऱ्या अमेरिकेतील एनजीसी या संस्थेच्या पारदर्शक डबीत, वर ‘एमएस 64’ (म्हणजे चलनात न वापरलेले नाणे, सत्तरपैकी 64 गुण) ही श्रेणी आणि क्रमांक. संस्थेच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला, तर नाणेही तेच आणि श्रेणीही तीच निघाली. ‘हवे तेव्हा आम्हीच परत घेऊ’ हे आश्वासन मात्र तोंडी होते.

सत्तर गुणांच्या त्या मोजपट्टीवर नाण्याची स्थिती ठरते. त्याला गिऱ्हाईक किती भावाने मिळेल, याची हमी डबी देत नाही. त्यातून 1918 चा रुपया मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही टांकसाळींनी कोट्यवधींच्या संख्येने पाडलेला आहे. महायुद्धामुळे चांदीची एवढी ओढ लागली होती, की अमेरिकेने त्याच वर्षी पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी हिंदुस्थानातील नाण्यांसाठी ब्रिटिशांना विकली. छंद म्हणून नाणी जमवणाऱ्याला हे ठाऊक असते. तो 1939 चा खरोखर दुर्मीळ रुपया शोधत हिंडतो आणि 1918 च्या चांगल्या नाण्याला चांदीपेक्षा थोडे अधिक देऊन मोकळा होतो. अशा विक्रेत्यांना छंदिष्ट नकोच असतात, मुदत ठेवीच्या व्याजाला कंटाळलेले लोक हवे असतात.

नाणी परत द्यायला गेलो तेव्हा ‘सध्या बाजार मंदा आहे’ हे उत्तर ठरलेले. इतवारीतील सराफाने डबी उलटसुलट करून पाहिली आणि ती फोडल्याशिवाय काट्यावर ठेवता येणार नाही, असे सांगितले. रुपयाचे वजन 11.66 ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी सुमारे 10.7 ग्रॅम, तो भाव देणार होता तेवढ्याचाच. त्याच सनाच्या, त्याच श्रेणीच्या नाण्याला लिलावात प्रत्यक्ष काय मिळाले, हे खरेदीआधी पाहता येते आणि ते अवश्य पाहावे.

ग्राहक आयोगाकडे जाण्यापूर्वी वकिलांना बिल दाखवले. त्यावर ‘जुनी नाणी’ एवढेच शब्द होते. सन, श्रेणी, परतखरेदी यांपैकी काहीही नव्हते. विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला भाववाढीचा तक्ता सुदैवाने फोनमध्ये शिल्लक होता, तक्रार त्याच्याच आधारे दाखल केली आहे.