म्हातारीचा बूट: नातवंडांना न्यावं का?

न्यावं, पण रविवारी संध्याकाळी अजिबात नको. आणि धाकटं पोर अगदीच चिमुरडं असेल तर सोबत मोठं भावंड हवंच. मुंबईत मलबार हिलच्या कमला नेहरू पार्कातल्या या बुटाच्या आकाराच्या घरात आता मोठ्या माणसांना आत सोडत नाहीत. मला हे पटलं. आमच्या गिरगावच्या चाळीतली पोरं चौपाटीवरून चढ चढून इथे यायची, तेव्हा आतल्या अरुंद जिन्यात कुणाचे ना कुणाचे काका अडकलेले असायचेच.

माझी नात सहा वर्षांची, नातू तीनचा. तिने त्याच्या शर्टाची कॉलर मागून धरली आणि "चल, पुढे बघ" करत त्याला वर ढकललं. मी खाली उभी, जीव टांगणीला. थोड्या वेळाने वरच्या कठड्याच्या फटीतून आधी त्याची चप्पल खाली आली, मग त्याचा हसरा चेहरा दिसला.

खाली उतरल्यावर प्रश्न सुरू. म्हातारी कुठाय? दुसरा बूट कुठाय? बुटात राहणाऱ्या, पोराबाळांनी बेजार झालेल्या म्हातारीच्या इंग्रजी बडबडगीतावरून हा बूट बांधलाय, हे त्यांना सांगून काय उपयोग? म्हटलं, ती बाजारात गेलीय. "एकाच बुटात?" असं नातीने विचारल्यावर मी भेळवाल्याचा विषय काढला.

पार्क १९५२ सालचं. फार मोठं नाही, तेच बरं. दोन पोरं दोन दिशांना धावली तरी दिसत राहतात. कठड्यापाशी गेलं की चौपाटी आणि मरीन ड्राइव्हची वळणदार किनार दिसते. पोरांना त्याचं शून्य कौतुक. ते आपण आपल्यासाठी बघून घ्यायचं.

समोरच्या हँगिंग गार्डनला, म्हणजे फिरोजशहा मेहता उद्यानात, जरूर जा. झुडपं कापून केलेले प्राणी आहेत. त्यातल्या एकावरून हत्ती की गेंडा असा वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. पण खरी गंमत वेगळी. ही बाग पाण्याच्या टाकीवर आहे. दक्षिण मुंबईला पुरवायचं पाणी त्या हिरवळीखाली साठवलेलं असतं. मी हे सांगितल्याबरोबर नातू पायवाटेवर पालथा पडून कान लावून बसला. "येतोय आवाज," म्हणाला. येणारे-जाणारे वळसा घालून जात होते. पांढरा शर्ट घालून नेऊ नका, एवढंच सांगते.

मार्च २०२५ मध्ये सुरू झालेला झाडांमधला लाकडी मार्गही कमला नेहरू पार्काच्या मागच्या उतारावर, सिरी रोडच्या बाजूला आहे. साधारण ४८५ मीटर लांब. तिकीट ऑनलाइन काढायचं आणि दिलेल्या तासातच जायचं. एका ठिकाणी पायाखाली काच आहे. नात त्यावर उड्या मारत होती, मी कडेकडेने. पोरांसोबत हा मार्ग सकाळी आधी उरका आणि बूट नंतर ठेवा. एकदा बूट दिसला की ती तिथून हलत नाहीत, आणि इकडे तिकिटाची वेळ निघून जाते.

खाऊ-पाणी घरून न्या. बाहेर भेळ, आइस्क्रीम, फुगे सगळं मिळतं, म्हणूनच सांगतेय. चर्नी रोडहून टॅक्सी करावी. पोरांना घेऊन तो चढ चढायचं माझं वय राहिलेलं नाही.