कृष्णदास शामा ग्रंथालय, पणजी : तारवटींच्या शोधात

फोंड्याहून कदंबा बसने आले की बसस्टँडवरून पाटोच्या ग्रंथालयात चालतच जाते. संस्था १८३२ सालची. बाकीचे लोक पोर्तुगीज ग्रंथ मागवतात, मी तारवटी, म्हणजे बोटींवर नोकरीला जाणारे गोवेकर, शोधते.

शाळेत आम्ही १५१० ला गोवा जिंकणारा पोर्तुगीज आल्बुकेर्क आणि १९६१ ला मुक्ती एवढंच घोकलं. मधल्या साडेचारशे वर्षांत भात कुणी लावलं, बोटीवर रांधलं कुणी, हे गुरुजींनाही ठाऊक नसावं! इथल्या गोवा विभागात एका पुस्तकात मला मुंबईची कूड भेटली. गावाच्या नावाने चालणारी तारवटींची जागा, भिंतीशी रांगेत पेट्या, संध्याकाळी रोझरीची प्रार्थना, बोट मिळेपर्यंत मुक्काम. आमच्या शेजारचे ख्रिस्ती आजोबा तारवटी होते. त्यांच्या पेटीला हात लावला की ओरडायचे. तिच्यातच त्यांचं सगळं घर होतं, हे साठीत कळलं.

राजेरजवाड्यांची कपाटं मी ओलांडून जाते, माफ करा.

जागा शांत, उजेड भरपूर. चष्मा मात्र न्या. मी विसरले, तेव्हा शेजारी अभ्यासाला बसलेल्या मुलीने दीड पान वाचून दाखवलं.