जुबात राहायचं कुठे, कॅम्पात की शहरात?

मित्राला दक्षिण सुदानची राजधानी जुबा इथे यूएन मिशनमध्ये, म्हणजे अनमिसमध्ये, स्टाफ सिक्युरिटीचं काम मिळालंय आणि त्याचा पहिलाच प्रश्न हा, लोकांना बेसवरच्या कंटेनरमध्ये ठेवू की शहरात भाड्याने राहू देऊ. त्याला मी सांगितलं ते हे.

सेफ्टीत कॅम्पच पुढे, पण अभेद्य नाही हं. जुलै २०१६ च्या लढाईत यूएन हाऊसवरही, म्हणजे जुबातल्या यूएन बेसवरही, तोफगोळे पडले, दोन चिनी शांतिसैनिक गेले. तरी भिंतीच्या आत निदान पहारा होता, पण साधारण सव्वा किलोमीटरवरच्या टेरेन हॉटेलात मदतकार्यकर्त्यांवर सरकारी सैनिकांनी हल्ला केला, फोनवर फोन गेले पण बेसवरून कोणी पोचलंच नाही. अंतर मोजायचं तर नकाशावर नाही, मध्ये किती चेकपोस्ट लागतात त्यावर.

खर्च? शहरात भाड्यावर गार्ड, ग्रिल, जनरेटर, पाण्याचा टँकर, आतून कडी लागणारी सेफ रूम, सगळं चढतं. शिवाय रोज रेडिओ चेक, एकाने उत्तर दिलं नाही की तुझी झोप गेली.

कंटेनरचा त्रास वेगळा, सहा महिन्यांत माणूस चिडचिडा होतो.

नवखे आणि रात्रपाळीवाले कॅम्पात ठेव. शहर त्यांनाच, जे बेसजवळ राहतील आणि कर्फ्यू खरंच पाळतील.