संशोधन अनुदानाच्या नावाखाली आमचे दीड लाख गेले, उद्यमनगर-शिरोलीतल्या छोट्या कारखानदारांनी नक्की वाचा

कोल्हापुरात छोट्या वर्कशॉपवाल्यांना गाठून "सरकारकडून संशोधनाला ५० लाख मिळवून देतो" असं सांगणारे लोक फिरतायत. आमच्याकडून त्यांनी १ लाख ५२ हजार २०० रुपये घेतलेत आणि फसलेले आम्ही एकटेच नाही हे आता कळलंय, म्हणून सगळं लिहितेय. लांबलंय, पण घरात कोणी नवीन मशीन, सेन्सर, सॉफ्टवेअर असलं काही बनवत असेल तर पूर्ण वाचा.

आमचं उद्यमनगरात वर्कशॉप आहे, मिस्टर आणि धाकटे दीर चालवतात, हिशेब मी बघते. भाऊजींचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय आणि त्यांनी फाउंड्रीसाठी एक मॉइश्चर मीटर बनवलाय. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साचे बनवायच्या ओल्या वाळूत, पाणी साधारण ३-४ टक्क्यांच्या आसपास ठेवावं लागतं, जास्त झालं की कास्टिंगला ब्लो होल (वाफेने पडणारी पोकळ भोकं) येतात आणि माल रिजेक्ट होतो. बऱ्याच छोट्या फाउंड्रीत अजून वाळूचा नमुना वजन करून, सुकवून, परत वजन करून बघतात, तोवर साचे भरून पुढे गेलेले असतात. भाऊजींचा मीटर वाळूत खुपसला की आकडा लगेच दिसतो. शिरोलीत एका ओळखीच्या फाउंड्रीत ट्रायल चांगली झाली, आता पक्का प्रोटोटाइप (पहिला चालता नमुना) करायचा तर पैसे पाहिजेत आणि बँक विचारते तारण काय देणार. अशा वेळी माणूस अनुदान शोधणारच, आणि शोधावंच, त्यासाठीच तर या योजना काढल्यात.

तेवढ्यात मटेरियल देणाऱ्या एकाच्या ओळखीतून हा कन्सल्टंट आला. शाहूपुरीत ऑफिस, काचेचं केबिन, भिंतीवर सर्टिफिकेटं, बोलणं एकदम मुद्देसूद. त्याने जे दाखवलं ते सगळंच खोटं नव्हतं, खरी मेख तिथेच आहे. स्टार्टअप इंडिया सीड फंड ही योजना खरी आहे, २०२१ ची, ९४५ कोटींची. पण त्यात प्रोटोटाइपसाठी अनुदान जास्तीत जास्त २० लाख आहे, आणि ५० लाखांचा जो आकडा आहे तो कर्ज किंवा डिबेंचरचा (कर्जरोख्याचा), म्हणजे ते पैसे फुकट नसतात. निधी प्रयास पण खरी, विज्ञान तंत्रज्ञान विभागाची, तिथे प्रोटोटाइपला १० लाखांपर्यंत मिळतात. बिरॅक या केंद्र सरकारच्या बायोटेक संस्थेच्या बिग योजनेत ५० लाखांपर्यंत अनुदान आहे, पण ती बायोटेकवाल्यांसाठी, तिथे आमच्या वाळूच्या मीटरचं काय काम? या माणसाने तिन्हींची खिचडी करून "५० लाख, परत करायचे नाहीत, फाउंड्री सेक्टरला प्राधान्य" असं एकच आकर्षक चित्र उभं केलं. खऱ्या योजनांची नावं आणि खरे लोगो समोर असले की शंका घ्यायला जागा कुठे राहते?

मग पैसे सुरू झाले. नोंदणी फी ११,८०० रुपये, जीएसटीसकट बिल दिलं. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) "अपडेट" करायचे ५,०००. प्रोजेक्ट रिपोर्टचे ३५,४००. काही आठवड्यांनी ईमेलवर मंजुरीचं पत्र आलं, वर अशोकस्तंभ, जावक क्रमांक, सही, शिक्का, सगळं. ५० लाख मंजूर, फक्त २ टक्के सिक्युरिटी डिपॉझिट म्हणजे १ लाख भरा, पहिल्या हप्त्याबरोबर परत मिळतील. खातं "एस्क्रो"चं, म्हणजे काम होईपर्यंत पैसे तिऱ्हाइताकडे सुरक्षित ठेवायचं, म्हणून सांगितलं होतं, प्रत्यक्षात ते कुणाचंतरी साधं सेव्हिंग खातं निघालं. पैसे गेले आणि त्यानंतर "दिल्लीत फाइल अडकलीय, अजून ४० हजार लागतील" असे फोन यायला लागले.

तिथे मला राहवेना. ओळखीतून एका सरकारमान्य इन्क्युबेटरमधल्या (नव्या उद्योगांना मदत करणारी संस्था) मॅडमशी बोलले आणि त्यांनी अगदी शांतपणे एकेक गोष्ट सांगितली, ती जशीच्या तशी इथे देतेय कारण हे कुठला कन्सल्टंट सांगणार नाही. सीड फंडाचा अर्ज ऑनलाइन असतो, स्वतः भरायचा, फी शून्य. पैसे इन्क्युबेटरमार्फत येतात, त्यांची समिती तुम्हाला बोलावते, प्रेझेंटेशन घेते, उलटसुलट प्रश्न विचारते, आणि मंजूर झालं तरी रक्कम कामाच्या टप्प्याप्रमाणे हप्त्याने मिळते. समितीसमोर कोणी उभंच राहिलं नाही आणि थेट मंजुरीचं पत्र आलं असं होतच नाही. इन्क्युबेटरला सुद्धा अर्जदाराकडून पैसे घेता येत नाहीत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आमची फर्म मिस्टरांच्या नावावर, प्रोप्रायटरी. सीड फंडाला डीपीआयआयटीची (केंद्र सरकारच्या उद्योग विभागाची) स्टार्टअप मान्यता लागते, ती प्रोप्रायटरी फर्मला मिळत नाही, शिवाय कंपनी स्थापन होऊन अर्जाच्या वेळी २ वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावी लागते. म्हणजे आम्ही त्या योजनेत बसतच नव्हतो आणि त्या माणसाला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आमच्या फर्मचे सगळे कागद त्याच्याच टेबलावर होते. उद्यम रजिस्ट्रेशन तर सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट आहे, आधार आणि पॅनवर घरबसल्या होतं.

बिलावरचा जीएसटी नंबर मी नंतर पोर्टलवर टाकून बघितला, लॉगिनची पण गरज नसते, तर नाव भलत्याच दुकानाचं. हे तुम्ही पैसे द्यायच्या आधी दोन मिनिटांत बघू शकता, नक्की बघा.

पैशापेक्षा मला जास्त लागलंय ते वेगळंच. प्रोजेक्ट रिपोर्टसाठी म्हणून त्यांनी भाऊजींचं सर्किट, प्रोबची ड्रॉइंग, ट्रायलचे रीडिंग सगळं घेतलं. रात्ररात्र जागून केलेलं काम आहे ते, आणि आता कुणाच्या कॉम्प्युटरवर आहे देव जाणे. म्हणून सगळ्यात आधी आम्ही प्रोव्हिजनल (तात्पुरत्या) पेटंटचा अर्ज टाकला. वैयक्तिक अर्जदार, स्टार्टअप किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन भरलं तर सरकारी फी १,६०० रुपये आहे, पुढच्या १२ महिन्यांत कम्प्लीट अर्ज द्यावा लागतो. कुणालाही ड्रॉइंग दाखवायच्या आधी हे करून ठेवा, मग तो कन्सल्टंट असो नाहीतर जवळचा पाहुणा. आणि डिजिटल सहीचं टोकन, आधारचा ओटीपी कुणाच्या हातात देऊ नका. आमच्या मिस्टरांचा ओटीपी त्यांनी फोनवर मागून घेतला होता, त्यावर आणखी काय काय केलंय ते अजून तपासतोय.

तक्रार १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर केलीय, सायबर पोलीस ठाण्यात पण लेखी दिलीय. १९३० ला जितक्या लवकर फोन कराल तितकी समोरच्या खात्यातले पैसे गोठवले जायची शक्यता जास्त, त्यामुळे "आधी त्याच्याशी बोलून बघू" म्हणत वेळ घालवू नका, तो तुम्हाला बोलण्यातच अडकवून ठेवणार.

तक्रारीच्या निमित्ताने इचलकरंजीच्या एका लूमवाल्यांशी गाठ पडली, त्यांनी धागा तुटला की लूम थांबवणारं सेन्सर बनवलंय. त्यांनी त्यांचं मंजुरीचं पत्र काढून दाखवलं, जावक क्रमांक आमच्याच पत्राचा, सही तीच, तारीख पण तीच, फक्त फर्मचं नाव बदललेलं. आता दोघांच्या तक्रारी एकत्र जोडायला दिल्यात. ज्यांच्याकडे असलं ५० लाखांचं पत्र आलंय त्यांनी डिपॉझिट भरू नका, भरलं असेल तर यूटीआर नंबर (बँक व्यवहाराचा क्रमांक), बिल, मेल, कॉल रेकॉर्डिंग काहीही डिलीट न करता जपून ठेवा आणि तक्रार द्या, गोकुळ शिरगाव, कागल, हुपरी, कुठलेही असा. तक्रारदार जितके जास्त तितका तपासाला जोर येईल.