कात्सुओबुशी किसायचा खोका: काही महिने वापरल्यावर

सुताराचा रंधा उलटा करून लाकडी खोक्यावर बसवला आणि खाली खण दिला, की झाला केझुरिकी. त्यावर किसायची ती कात्सुओबुशी, म्हणजे जपानी स्वयंपाकातला लाकडासारखा कडक सुकवलेला मासा. ट्यूनाच्या कुळातला कात्सुओ मासा उकडून, पुन्हा पुन्हा धुरी देऊन सुकवला की आराबुशी तयार होते. तिच्यावर मुद्दाम बुरशी धरवून उन्हात वाळवायचं, असं अनेकदा केलं की कारेबुशी. पाकिटातले मोठे पापुद्रे बहुधा आराबुशीचे असतात. खोक्यासाठी अख्खा तुकडा घ्यायचा तर कारेबुशीच घ्यावी. पाठीकडच्या ओबुशीत चरबी कमी, सूप स्वच्छ उतरतं. पोटाकडची मेबुशी चवीला दाट.

खोका विकत घेताना लाकडाच्या देखणेपणापेक्षा पातं बघा. स्वस्त खोक्यांत ते पातळ असतं आणि लवकर बोथट होतं. चांगलं पातं रंध्यासारखंच पाणदगडावर लावता येतं. नव्या खोक्याचं पातं बरेचदा नीट बसवलेलं नसतं आणि पहिल्याच दिवशी खणात नुसती पूड पडते. अशा वेळी खोका डोळ्यांसमोर आडवा धरून पृष्ठभागावरून नजर टाका. धार केसाएवढी वर दिसली पाहिजे, तीही दोन्ही टोकांना सारखी. कमी वाटली तर पात्याच्या डोक्यावर लाकडी हातोडीने हलका ठोका द्या, जास्त वाटली तर लाकडाच्या मागच्या कडेवर. एका ठोक्यानेही बराच फरक पडतो. लोखंडी हातोडी अजिबात नको, लाकूड चेचतं.

धार आपल्याकडे, खोक्याखाली ओला रुमाल, आणि तुकडा तळहाताच्या टाचेने दाबत पुढे ढकलायचा. बोटं वर ठेवायची. वरची बुरशी कोरड्या फडक्याने पुसायची. तुकडा धुवायचा नाही. कातडीचा भाग आधी सुरीने खरवडून काढायचा. धार नीट असूनही पूडच पडत असेल, तर तुकडा उलट दिशेने फिरवून बघा. मांसाच्या धाग्यांच्या विरुद्ध किसलं की हमखास भुगा होतो. दुसरं कारण म्हणजे तुकडा फार वाळलेला असणं. मंद आचेवर नुसता कोमट केला तरी पापुद्रे सुटायला लागतात. शेवटचा अंगठ्याएवढा तुकडा किसायच्या भानगडीत पडू नये, बोट जातं. तो सोया सॉसच्या बाटलीत टाकावा.

दाशीचं, म्हणजे जपानी सूपच्या मूळ रश्श्याचं, प्रमाण एक लिटर पाण्याला १० ग्रॅम कोंबू (सुकवलेलं समुद्री शेवाळ) आणि २० ते ३० ग्रॅम पापुद्रे. कोंबू ६० अंशांच्या आसपास तासभर ठेवून उकळीआधी काढायचा. मग पाणी उकळवून, आच बंद करून पापुद्रे टाकायचे आणि एक-दोन मिनिटांत कापडातून गाळायचं. पिळायचं नाही, पिळलं की कडवटपणा आणि गढूळपणा उतरतो. चोथ्यात अर्धा लिटर पाणी घालून पाच-दहा मिनिटं उकळलं की दुसरी दाशी. ती मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूपला पुरते.

आता खरा प्रश्न: एवढा खटाटोप करावा का? २० ग्रॅम किसायला नवख्या हाताला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. कात्सुओबुशीतली उमामी (मांसाच्या रश्श्यासारखी भरीव चव) ज्याची, ते इनोसिनेट (कोदामा शिंतारो यांनी १९१३ मध्ये शोधलेलं) पाकिटातल्या पापुद्र्यांतही टिकून असतं. उडून जातो तो वास. म्हणून रोजच्या लिटरभर दाशीला पाकीट खुशाल वापरा. खोक्याचं चीज होतं ते कच्च्या पापुद्र्यांत: थंड तोफूवर, उकडलेल्या पालकावर, गरम भातावर सोया सॉसचे दोन थेंब टाकून. तिथे चार-पाच ग्रॅम पुरतात, दोन-तीन मिनिटांचं काम, आणि पाकीट त्याच्या जवळपासही फिरकत नाही. सोबाच्या (बकव्हीटच्या नूडल्सच्या) दुकानांसारखी जाड काप उकळून केलेली गडद दाशी मात्र या खोक्यावर जमत नाही.

जून-जुलैच्या त्सुयूत (जपानच्या पावसाळ्यात) खणाकडे लक्ष ठेवा. कोपऱ्यात राहिलेल्या पुडीला दमट हवेत बुरशी येते, किडेही लागतात. जपानीत एका भुंगेऱ्याचं नावच कात्सुओबुशीमुशी आहे. दर वेळी कोरड्या ब्रशने झाडायचं, पाणी लावायचं नाही. लाकूड फुगलं की पृष्ठभाग वाकतो आणि धार कितीही जुळवली तरी एका बाजूलाच लागते. तुकडा हवाबंद पिशवीत, फ्रिजमध्ये.

घरात शाकाहारी मंडळी असतील तर कोंबू आणि सुक्या शिताके अळंब्यांची दाशी वेगळी करावी. जपानमध्ये हॉटेलातल्या ‘भाज्यांच्या’ मिसो सूपमध्येही बहुतेकदा कात्सुओबुशी असतेच, आधी विचारून घ्या.