घर चंदगडला, खोली बेळगावात: विद्यार्थ्याच्या गाडीचा विमा कुठून घ्यावा?

कार एमएच ०९, आरसीवर (नोंदणीपत्रावर) पत्ता चंदगड तालुक्यातला, मालक वडील. आणि गाडी मात्र सोमवार ते शुक्रवार बेळगावात, टिळकवाडीतल्या रूमबाहेर. उलटही तितकेच दिसते. खानापूरची केए २२ किंवा निपाणीची केए २३ घेऊन कोल्हापूरला, पुण्याला शिकणारी मुले कमी नाहीत. विमा काढायला बसले की पत्त्याच्या रकान्यापाशीच हात थांबतो. खोलीचा पत्ता घातला तर हप्ता वाढेल का? घरचा घातला तर उद्या क्लेम नाकारतील का?

दोन्ही भीती बाजूला ठेवा. आपल्याकडे खासगी गाडीच्या हप्त्यात जागेचा फरक पडतो तो नोंदणी कुठल्या आरटीओत आहे यावर. विद्यार्थी कुठे राहतो याचा त्याच्याशी संबंध नाही. त्यासाठी देशाचे दोनच भाग केले आहेत. अहमदाबाद, बेंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे ही आठ शहरे ‘ए’ झोनमध्ये, बाकी सगळे ‘बी’ झोनमध्ये. बेळगाव (केए २२), चिक्कोडी (केए २३) आणि कोल्हापूर (एमएच ०९) तिन्ही ‘बी’. म्हणजे चंदगडची गाडी बेळगावात आली काय किंवा खानापूरची पुण्याला गेली काय, दर तोच राहतो. फरक पडला असता तरी तो किती? १००० सीसीच्या आतली, पाच वर्षांच्या आतली, आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) तीन लाख असलेली गाडी धरा. मूळ दरपत्रकात आपल्या गाडीच्या नुकसानीच्या कवचाला ‘बी’ झोनमध्ये ३.०३९ टक्के म्हणजे ९,११७ रुपये, ‘ए’ झोनला ३.१२७ टक्के म्हणजे ९,३८१ रुपये. अंतर २६४ रुपयांचे, तेही सूट वजा करण्याआधी. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे केलेल्या नुकसानीच्या कवचाचा, दर तर देशभर एकच. १ जून २०२२ पासूनच्या तक्त्यात १००० सीसीपर्यंत २,०९४, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये, वर १८ टक्के जीएसटी.

पॉलिसी भारतभर चालते. शिनोळीची हद्द ओलांडली किंवा कोगनोळीचा टोलनाका मागे टाकला म्हणून कवच कमी होत नाही. लायसन्सवरचा पत्ता तिसराच असला तरी चालते.

मग पत्त्याचे करायचे काय? आरसीवरचा पत्ता पॉलिसीत आरसीप्रमाणेच ठेवा. पत्रव्यवहाराचा रकाना वेगळा असतो, तिथे खोलीचा पत्ता घालायला हरकत नाही, पण खोली दर वर्षी बदलणार असेल तर तिथेही घरचाच बरा. खरे महत्त्व आहे मोबाइल नंबरला. एजंटाकडून काढलेल्या पॉलिसीत बऱ्याचदा एजंटाचाच नंबर आणि ई-मेल पडलेला असतो. मग नूतनीकरणाचा मेसेज त्याला, क्लेमचा ओटीपी त्याला, आणि रस्त्यात गाडी ठोकल्यावर तुम्ही त्याला शोधत बसणार. पॉलिसी हातात आली की आधी हा रकाना पाहा. चुकला असेल तर एंडोर्समेंट (पॉलिसीतली लेखी दुरुस्ती) मागून घ्या.

आता विमा मिळण्याच्या तीन जागा.

शोरूमचे काउंटर सर्वांत महाग आणि अपघातानंतर सर्वांत सोपे. विमा शोरूमकडूनच घ्यावा अशी कायद्याची अट नाही, सेल्समन काहीही म्हणो. पण त्यांच्याच वर्कशॉपमध्ये गाडी लावली की कॅशलेसची (कंपनी बिल थेट गॅरेजला देते त्याची) कागदपत्रे तेच हलवतात, नुकसान तपासणारा सर्व्हेअर तिथे येतोच. नवी गाडी असेल तर पहिले वर्ष इथे घ्यायला हरकत नाही, मात्र दुसऱ्याकडचा कोट दाखवून घासाघीस करा. इथली एक चूक पुढे महागात पडते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी तीन वर्षांची एकदम घ्यावी लागते. ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचे कवच, बहुधा एकाच वर्षाचे असते. ‘तीन वर्षांचा विमा आहे’ एवढेच लक्षात राहते आणि दुसऱ्या वर्षी गाडी निम्म्या कवचावर फिरते. उलटी चूक म्हणजे दुसऱ्या वर्षी फुल्ल इन्शुरन्स घेऊन थर्ड पार्टीचे पैसे दोनदा भरणे. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी फक्त ‘स्टँडअलोन ओन डॅमेज’ मागायचे.

दुसरी जागा कंपनीची शाखा किंवा तिचा एजंट. न्यू इंडिया, युनायटेड इंडिया, ओरिएंटल, नॅशनल या चार सरकारी कंपन्यांचे काम अजून पुष्कळसे याच रीतीने चालते. वेळ जातो, पण कागदी प्रपोजल फॉर्म भरला जातो आणि दोन पत्त्यांच्या माणसाला त्याचा फायदा होतो. गाडी रात्री कुठे उभी असते, कंपाउंडमध्ये की रस्त्यावर, कोण चालवतो, त्याचे वय काय, हे प्रश्न त्यात असतात. तिथे खरे लिहा: ‘मुलगा चालवतो, वय २०, गाडी बेळगावात रस्त्यावर उभी असते.’ एवढ्याने हप्ता फुगत नाही, आणि पुढे ‘माहिती लपवली’ म्हणायला कंपनीला जागा उरत नाही. फॉर्मची झेरॉक्स ठेवा. १ जानेवारी २०२३ पासून केवायसी सक्तीची आहे, आणि सीमाभागात ती नावावर अडते. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर नुसती आद्याक्षरे, तिसऱ्यावर कन्नडमधून इंग्रजीत गेलेले वेगळे स्पेलिंग. पॉलिसीवरचे नाव आरसीशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजे; आधार वेगळे असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या.

तिसरी जागा मोबाइल. सर्वांत स्वस्त, दहा मिनिटांचे काम, आणि चुकांना सर्वांत मोकळे रान. ॲप ‘शहर’ विचारते तेव्हा विद्यार्थी बेळगाव टाकतो आणि एमएच ०९ गाडीचा आरटीओ चुकतो. नंबर टाकल्यावर जी माहिती आपोआप येते तीही तपासा: सीसी, इंधन, नोंदणीची तारीख, इंजिन आणि चासीचा नंबर. सीएनजी किट नंतर बसवले असेल तर ते वेगळे दाखवावे लागते. आयडीव्हीची पट्टी खाली ओढून हप्ता कमी दिसतो, ती ओढू नका. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, मग दर वर्षी २०, ३०, ४०, ५० टक्के घसारा हा ठरलेला क्रम आहे. त्याहून खाली गेलेली आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेल्यावर तुमच्याच खिशातून जाणारे पैसे.

आमचे मत विचाराल तर चार वर्षांपर्यंतच्या गाडीला ऑनलाइन घ्या, पण आधी कंपनीच्या कॅशलेस गॅरेजांची यादी उघडा. बेळगावात, शक्यतो उद्यमबाग परिसरात, एक आणि घराकडे, गडहिंग्लज किंवा कोल्हापूरला, एक अशी दोन गॅरेजेस यादीत असतील तरच ती कंपनी घ्या. हप्त्यातल्या चार-पाचशे रुपयांच्या फरकापेक्षा हे कितीतरी मोलाचे. जुनी गाडी आणि ओळखीचा जबाबदार एजंट असेल तर शाखाच बरी.

गाडी मुलाच्या नावावर करावी का? शिक्षण होईपर्यंत करू नये. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. २०, २५, ३५, ४५ करत तो ५० टक्क्यांवर जातो. वडील हयात असताना गाडी मुलाच्या नावावर केली तर त्यांचा बोनस मुलाला मिळत नाही. वरच्याच गाडीला कंपनीने निम्मी सूट दिली असे धरले तर ओन डॅमेज साधारण ४,५५८ रुपये. ५० टक्के बोनस गेला की दर वर्षी २,२७९ रुपयांचा बोजा. वडिलांच्या नावावरची गाडी वैध लायसन्स असलेल्या मुलाने चालवली तर विमा चालतो. लर्निंग लायसन्सवरही चालतो, शेजारी पक्के लायसन्स असलेला माणूस आणि ‘एल’ची पाटी असेल तर.

मामाची किंवा शेजाऱ्याची गाडी ‘घेतली’ आणि आरसी तशीच राहिली, हे मात्र धोक्याचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे विक्रीनंतर थर्ड पार्टी आपोआप नव्या मालकाकडे जाते, ओन डॅमेज जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच हे स्पष्ट केले आहे. विक्रीपासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलायचा अर्ज द्या.

मालकाच्या अपघात कवचातही मुलगा बसत नाही. ते १५ लाखांचे कवच फक्त आरसीवरच्या मालकाचे, आणि मालकाकडे लायसन्स असेल तरच. गाडी आईच्या नावावर आणि तिच्याकडे लायसन्स नसेल तर ते कवच घ्यायचेच नसते. तरी बिलात लावले जाते, ते काढायला सांगा. स्वतःच्या चुकीने झालेल्या अपघातात चालवणाऱ्या मुलाला थर्ड पार्टीतूनही काही मिळत नाही. त्यासाठी मुलाच्या नावाने स्वतंत्र अपघात विमा घ्या, किंवा पॉलिसीत त्याचे नाव घालून कवच जोडा.

ॲड-ऑनमध्ये, म्हणजे जादा पैसे भरून जोडायच्या कवचांत, झिरो डेप (भागांचा घसारा न कापणारे) पाच वर्षांपर्यंत घ्यावेच. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि आजच्या गाडीचा बंपर प्लास्टिकचाच. दुसरे इंजिन प्रोटेक्ट, इंजिनाच्या नुकसानीचे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता. खानापूर-चंदगडकडच्या ओढ्यांचे तर विचारूच नका. पुरात बुडालेली गाडी साध्या पॉलिसीतही बसते, पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चावी फिरवून सुरू केली आणि इंजिनात पाणी ओढले गेले, तर ते नुकसान चालवणाऱ्याच्या चुकीचे मानून नाकारले जाते. म्हणून चावीला हात न लावता आधी टोइंग बोलवा. गाडी महिनोन् महिने गावीच उभी असेल तर किलोमीटरवर हप्ता ठरणारे ॲड-ऑन पाहा, ते २०२२ पासून मिळते. फक्त शनिवार-रविवारचे हेलपाटे धरून किलोमीटर मोजा.

शनिवारी घरी जाताना माणशी पैसे घेऊन प्रवासी बसवू नका. खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही, आणि अपघातानंतर चौकशीत हेच पहिल्यांदा विचारले जाते.

आरटीओचा प्रश्न विम्यापासून वेगळा ठेवा. दुसऱ्या राज्यात गाडी सलग १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर कलम ४७ प्रमाणे तिथला नंबर घ्यावा लागतो. दर आठवड्याला घरी जाणाऱ्या गाडीला ते लागू होत नाही, पण सांगायला पुरावा हवा: गावाकडच्या पंपाची बिले, गावच्या गॅरेजची सर्व्हिसिंगची पावती, फास्टॅगची नोंद. वडील सैन्यात असतील, आणि या पट्ट्यात अशी घरे पुष्कळ आहेत, तर नवी गाडी २०२१ पासूनच्या, सगळ्या राज्यांत चालणाऱ्या बीएच नंबरमालिकेत घेता येते आणि हा प्रश्नच उरत नाही. नव्या गाडीची तात्पुरती नोंदणी संपली असेल तर मात्र ती घराबाहेर काढू नका. अशा चोरीला गेलेल्या गाडीचा क्लेम नाकारणे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये योग्य ठरवले.

क्लेमच्या वेळी हद्द आडवी येते ती पोलीस ठाण्यात. तक्रार शक्यतो घटना घडली तिथेच द्या. चोरी बेळगावात झाली तर एफआयआर कन्नडमध्ये मिळेल. पॉलिसी कोल्हापूरच्या शाखेची असेल तर इंग्रजी किंवा मराठी भाषांतर सोबत जोडा. तपास न लागल्याचा अहवाल कर्नाटकात ‘सी रिपोर्ट’, महाराष्ट्रात ‘ए समरी’. शाखेतल्या माणसाने ‘ए समरी आणा’ म्हटले आणि तुमच्या हातात सी रिपोर्ट असेल तर परत फिरू नका, दोन्ही एकच. कंपनीला कळवायला दिवस घालवू नका, आणि सर्व्हेअर येईपर्यंत गाडी खोलू देऊ नका, मोडलेले भाग गॅरेजवाल्याला फेकू देऊ नका.

कंपनीने महिनाभरात दाद दिली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. कर्नाटकाचे कार्यालय बेंगळुरूला, कोल्हापूर जिल्ह्याचे पुण्याला. घर चंदगडचे असेल तर पुणेच धरा. तिथे मराठीत बोलता येते.