महामार्गाआधीचा पुरातत्त्व सर्व्हे: पैसे देण्याआधी काय तपासावं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात बायपास किंवा रुंदीकरणाआधी सल्लागार संस्था जो पुरातत्त्व सर्व्हे करून देतात, त्याबद्दल. अहवालाचे भाग ठरलेले: कागदपत्रांची छाननी, पायी पाहणी, शिफारशी.

छाननी बहुतेकांची बरी असते. केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला मनाई आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीचे, ही स्मारक कायद्यातली २०१० ची दुरुस्ती सगळ्यांना पाठ आहे. चूक होते ती मोजण्यात. अंतर संरक्षित हद्दीपासून धरायचं असतं, नकाशावर मात्र देवळाच्या भिंतीपासून टेप लागलेली दिसते. वडगाव-माधवपूरची सातवाहनकालीन वस्ती, हलशीची कदंबांची देवळं, कोण्णूरची महापाषाणी (मोठ्या शिळा रचून केलेली प्राचीन) थडगी हे सगळं छापील यादीत सापडतं. गावाबाहेरचं पांढरीचं (जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीचं) टेकाड किंवा रवळनाथाच्या देवळाच्या आवारात ऑइल पेंट फासलेला वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिशिळा) कुठल्याच यादीत नसतो. तिथे पायच लागतात.

खरा कस पायी पाहणीत. चार-पाच जण, दोघांत १० ते १५ मीटर अंतर, भूसंपादनाच्या पट्ट्याची पूर्ण रुंदी. नांगरट झालेली आणि वळवाची एक सर पडून गेलेली असावी. धूळ धुऊन निघाली की खापऱ्या (जुन्या मडक्यांचे तुकडे) लगेच नजरेत भरतात. पावसाळ्यात सोयाबीन-उसातून फिरून ‘काही आढळले नाही’ लिहिणाऱ्या अहवालाला काडीची किंमत नाही. प्रत्येक गटात जमीन किती दिसत होती, याचा रकाना हवाच. चिकोडी-अथणीकडे ऊसतोडीनंतर दुसरी फेरी मागा. शिलालेख असला तर फोटो उन्हं तिरपी असताना घ्यावा. अक्षरांत खडू भरू देऊ नये.

जमिनीखालचं दाखवणारा रडार ‘जादा सेवा’ म्हणून गळ्यात मारतात. काळ्या मातीत तो फुकट: चिकणमाती आणि ओल लहरी शोषून घेतात, मीटरभर खालचंही धड कळत नाही. चुंबकमापक (जमिनीतले चुंबकीय फरक टिपणारं यंत्र) आणला तर आपल्याकडचा काळा दगड स्वतःच चुंबकीय, त्यामुळे नोंदींत गोंधळ. तेच पैसे १ × १ मीटरच्या चाचणी खड्ड्यांत घाला. थर १० सेंटिमीटरचे, माती चाळणीतून. पण खड्डा म्हणजे उत्खनन. पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते आणि तिला वेळ लागतो. वेळापत्रकात हे धरलेलं क्वचितच दिसतं.

आमची मोठी तक्रार वेगळीच आहे. सर्व्हे रस्त्याच्या पट्ट्यापुरता, नासधूस मात्र पट्ट्याबाहेर. मुरूम उचलायच्या जागा, डांबर प्लांट, कामगारांची छावणी, डंपरची वाट यांतलं काहीच नकाशावर नसतं. मुरमासाठी उंचवटाच निवडतात आणि जुन्या वस्तीचं टेकाडही उंचवटाच. ठेकेदार या जागा नंतर ठरवतो, ही सबब खरी. म्हणून प्रत्येक नव्या जागेच्या पाहणीचा दर करारातच लिहून घ्यावा.

अचानक काही सापडलं तर काय करायचं, याचं एक पान मराठी-कन्नडमध्ये हवं. कर्नाटकाच्या १९६२ च्या गुप्तनिधी कायद्याने जमिनीत पुरलेली ठेव सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. नुसत्या इंग्रजी अहवालातलं हे कलम जेसीबीवाल्यापर्यंत पोचत नाही.

एकूण या सर्व्हेंना पाचपैकी अडीच गुण. शेवटचा हप्ता जीपीएस फाइल, मोजपट्टीसह फोटो आणि गटवार नोंदवही हातात पडल्यावरच सोडा.